खेळाचं सामान

पातं विमानात हातात धरून न्यायचं, सामानात सोडायचं नाही, हे भिंगरीच्या आईने धावण्याच्या निवड चाचणीची तारीख कळली त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. "बाकी सगळं हरवलं तरी चालेल, कपडे तिथे घेऊ," ती म्हणाली होती. "पण पाय हातातून सुटता कामा नये." मिस्त्रीने मान हलवली होती. बायकोचं सगळंच त्याला पटायचं असं नाही, पण हे पटलं होतं.

भिंगरी हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. चालायला लागली तेव्हापासून एका जागी टिकायची नाही, पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून ते चिकटलं. बाराव्या वर्षी हाडात गाठ निघाली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नाव बदलावं की काय, असा विचार तेव्हा नातेवाइकांपैकी दोघातिघांनी बोलून दाखवला. मिस्त्रीने त्यांना दार दाखवलं. नाव तेच राहिलं आणि मुलगी पुन्हा पळायला लागली.

तिच्याकडे दोन पाय होते. एक रोजचा, त्याच्यावर बूट चढायचा, पँट घातली की कळायचंही नाही. दुसरा पळायचा. त्याला टाच नाही, बोटं नाहीत, खाली नुसतं पुढे वाकलेलं काळं पातं आणि वर चार बोल्टने आवळलेली वाटी. पातं कारखान्यात तयार होतं, ते कुणाचंही कुणाला चालतं. वाटीचं तसं नाही. उरलेल्या पायाचा साचा घेऊन, घासून, पुन्हा घालून बघून, कुठे टोचतं ते विचारून ती बनते. भिंगरीच्या वाटीत जगातला दुसरा कुठलाही पाय बसला नसता, आणि तिचा पाय दुसऱ्या कुठल्या वाटीत. नवी करायची तर दोन महिने कुठे गेले कळायचं नाही.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. नियमांवर त्याचा भारी विश्वास. दोराची एक तार तुटलेली दिसली की तो अख्ख्या इमारतीची लिफ्ट बंद करून मोकळा व्हायचा, मग सातव्या मजल्यावरचे लोक खिडकीतून काय वाटेल ते बोलोत. तसाच तो विमान कंपनीच्या नियमांना भिडला. आठ दिवस जेवण झालं की चष्मा लावून मोबाईलवर 'खेळाचं साहित्य' हे पान उघडून बसायचा आणि बायकोला वाचून दाखवायचा. हॉकी स्टिक आत चालत नाही. क्रिकेटची बॅट चालत नाही. टेबल टेनिसची चालते. चेंडूतली हवा काढावी लागते. धनुष्य खाली, बाण तर खालीच.

"आपल्याला काय करायचंय बाणांशी?" बायको म्हणायची.

"माहीत असलेलं बरं."

पात्याबद्दल त्या पानावर काही नव्हतं. नुसतं इतकंच होतं की खेळाचं साहित्य ठरलेल्या मापाच्या पिशवीत बसत असेल तर आत न्यावं, नाहीतर खाली सामानात द्यावं. मिस्त्रीने माप घेतलं, मापाची मऊ पिशवी आणली, पातं तिरकं घातलं की बसतं हे तीनदा करून पाहिलं. हत्यारं आत चालत नाहीत म्हणून बोल्ट उघडायच्या चाव्या घरी ठेवल्या. हत्याराशिवाय घराबाहेर पडायची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

त्याच संकेतस्थळावर खाली आणखी एक पान होतं, अपंग प्रवाशांसाठी. ते त्याने उघडलं नाही. ते आपल्यासाठी नाही, हे त्याला न उघडताच ठाऊक होतं.

हे नीट समजून घ्यायचं तर त्याच्या घराचा जिना बघावा लागेल. ते चौथ्या मजल्यावर राहायचे आणि इमारतीला लिफ्ट होती. ती मिस्त्रीच सांभाळायचा, लोण्यासारखी चालायची. पण ऑपरेशननंतर घरी आणलेल्या पहिल्या दिवसापासून भिंगरीने त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. कुबड्यांवर होती तेव्हाही नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या मावशीने "बिचारी गं, आता हिचं कसं व्हायचं" म्हणून डोळ्याला पदर लावला होता. मिस्त्रीच्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच. 'बिचारी' हा शब्द घरात बंद झाला. बसमधली राखीव जागा बंद, रांगेत पुढे जाणं बंद. मुलगी जिना चढायची, बाप दोन पायऱ्या मागे हात पसरून, पण हात न लावता. वरच्या पायरीवर तो विचारायचा, "कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"धावपटू आहे म्हणून."

पुढे ती खरोखरच झाली, तेव्हा मिस्त्रीला वाटलं की ते या जिन्यामुळेच झालं. थोडं खरंही असेल. सहा वर्षांत भिंगरीने त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही, आणि तिला काय वाटतं हे त्यानेही कधी विचारलं नाही.

विमानतळावर ते वेळेच्या कितीतरी आधी पोचले. काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. तिने पिशवीकडे पाहिलं आणि शेजारच्या लोखंडी चौकटीकडे बोट केलं. "काका, एकदा यात बसवून दाखवता?"

पिशवी बसली नाही. घरी मोजलेलं माप रिकाम्या पिशवीचं होतं, आत पातं गेलं की ती फुगायची. वाटीची कड चार बोटं वर राहिली. मिस्त्रीने पिशवी फिरवली, उलटी केली, दाबली. मागच्या रांगेतलं कुणीतरी घड्याळ बघायला लागलं.

"काय आहे यात?" मुलीने विचारलं.

"पळायचं पातं."

तिने चेन उघडून पाहिलं. मग भिंगरीकडे पाहिलं, तिच्या बुटांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "ताईंचा पाय आहे का हा? मग चौकटीत बसायची गरजच नाही, काका. पायाला माप नसतं. मी तशी नोंद करते, खुशाल आत न्या. पुढे बसायला जागाही देते."

ती भल्या मनाने बोलत होती. पण तो खालचा आवाज मिस्त्रीने ओळखला. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे त्याच आवाजात बोलायचे.

"तिचा पाय तिने घातलाय," तो म्हणाला, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हे खेळाचं सामान आहे. माझी मुलगी धावपटू आहे."

"हो, ते आहेच. पण खेळाचं सामान म्हटलं तर मला खाली टाकावं लागेल. तुम्ही फक्त हो म्हणा, मी लिहिते."

"सवलत नको."

"सवलत नाही काका, नियमच आहे."

"खेळाच्या सामानाचा जो नियम आहे तो लावा."

मुलीने शेवटी भिंगरीलाच विचारलं, "ताई, काय करू?"

भिंगरीने बापाकडे पाहिलं. तिला आईचं वाक्य आठवत होतं, पिशवी आपल्या मांडीवर हवी होती, आणि हो म्हणायला एक क्षण पुरला असता. पण सहा वर्षं वरच्या पायरीवर एकच उत्तर देऊन देऊन जीभ त्यालाच सरावली होती.

"खेळाचं सामान," ती म्हणाली.

मिस्त्रीचा ऊर भरून आला. काउंटरवरच्या मुलीने काच-सामानाची लाल चिठ्ठी चिकटवली, एका कागदावर त्याची सही घेतली आणि पिशवी सरकत्या पट्ट्यावर ठेवली. रबरी पडद्याआड ती गेली तेव्हा भिंगरी तिकडेच बघत होती.

विमानात बसायच्या आधी घरून फोन आला. "पाय हातात आहे ना?"

"सगळं व्यवस्थित आहे," मिस्त्री म्हणाला.

उतरल्यावर पिशवी आली. सगळ्यात शेवटी, उलटी, एका भल्यामोठ्या पत्र्याच्या पेटीच्या मागून आली. पेटीचा कोपरा पिशवीत रुतल्याची खूण कापडावर दिसत होती. लाल चिठ्ठी जागच्या जागी होती. तक्रारीच्या खिडकीवरच्या माणसाने कागद वाचला, सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाला की मऊ पिशवीतलं खेळाचं साहित्य प्रवाशाच्या जबाबदारीवर जातं. वैद्यकीय उपकरण म्हणून नोंद असती तर ते वर हातातच आलं असतं, खाली गेलंच नसतं. मिस्त्री भांडला नाही. त्याने आधी भिंगरीला बाकावर बसवलं आणि पातं बाहेर काढलं.

दिसायला काही झालं नव्हतं. पातं सरळ होतं, बोल्ट घट्ट होते. "बघा, उगाच घाबरलो," भिंगरी म्हणाली आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मिस्त्री अजून वाटीवर बोट फिरवत होता.

उतरायची सोय मैदानाला लागून असलेल्या वसतिगृहात होती. प्रशिक्षक सर आधीच आलेले होते. खोलीत दोन पलंग, एक टेबल आणि डोळ्यांत खुपणारा पांढरा दिवा. मिस्त्रीने पातं टेबलावर ठेवलं आणि खिशातून रुमाल काढला.

दोर तपासताना लिफ्टवाले डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत. फडकं दोराभोवती धरून हळूहळू ओढत नेतात. तुटलेली तार कितीही बारीक असली तरी फडक्याचा धागा तिच्यात अडकतो. मिस्त्रीने रुमाल वाटीच्या बाहेरून फिरवला. काही नाही. आतून फिरवला. मागच्या दोन बोल्टांच्या मध्ये रुमाल थांबला. त्याने ओढला तर एक धागा तिथेच लटकत राहिला. त्याने अंगठ्याने वाटी दाबली. केसाएवढी रेघ उघडली आणि मिटली.

त्याने तोच भाग परत एकदा तपासला. दुसऱ्या खेपेला काही सापडणार नाही अशी वेडी आशा होती. तिथेच दुसरा धागा अडकला.

"मिस्त्री," सरांनी विचारलं, "धावेल का?"

"नाही."

"बाबा!" भिंगरी उठून उभी राहिली. "चिकटपट्टी लावू. वरून आवळून बांधू. शंभर मीटर पळायचंय मला, शंभरच!"

"पहिल्या झेपेलाच जाईल."

"गेली तर गेली."

"वाटी फुटली तर तू नुसती पडणार नाहीस. तुकडे आत घुसतील. गुडघा जाईल." गुडघा शाबूत होता म्हणून तर ती पळत होती, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही लिफ्टवाले आहात!"

सर मध्ये पडले. त्यांनी इतर मुलींकडे चौकशी केली होती. एका मुलीने स्वतःचं जादा पातं देऊ केलं, पण पात्याला काही झालंच नव्हतं. दुसरीने आपला अख्खा पाय आणून दिला. भिंगरीने घालून पाहिला. दोन पावलं टाकली आणि ओठ चावत भिंत धरली. काढला तेव्हा कातडी लालबुंद झाली होती. त्या मुलीने तो निमूटपणे काखेत घेतला आणि निघून गेली.

"मिस्त्री, तुमच्यावर आहे," सर शेवटी म्हणाले. "तुम्ही ठीक आहे म्हणालात तर मी उतरवतो. ती रेघ इथे दुसऱ्या कुणाला दिसणार नाही."

हे खरं होतं. कुणालाच दिसली नसती. मिस्त्रीला एका शब्दाने मुलीचा चेहरा परत जागेवर आणता आला असता. दिवसा काउंटरवर तो एवढ्या मोठ्याने बोलला होता. आता त्याने फक्त मान हलवली. नाही.

भिंगरी परत पलंगावर बसली. मग शांतपणे म्हणाली, "तिथे तुम्ही म्हणालात की हे सामान आहे. सामान मोडायला तुम्ही घाबरला नाहीत. आता म्हणताय गुडघा जाईल. म्हणजे पाय होता ना, बाबा, तो?"

सर बाहेर जाऊन उभे राहिले. मिस्त्रीला आपली चूक लख्ख दिसत होती, तिला नावही देता येत होतं, आणि ती कबूल करून तसूभरही काही बदलणार नव्हतं. हेच त्याला सोसवेना. तो रुमालाची घडी घालत बसला.

सकाळी चौथी लेन रिकामी ठेवून शर्यत झाली. भिंगरी मैदानात घालायचे कपडे घालून पायऱ्यांवर बसली होती. पहिल्या आलेल्या मुलीने जी वेळ काढली, ती भिंगरी सरावात, हसतखेळत काढायची. सरांनी घड्याळात पाहिलं आणि ते चटकन खिशात टाकलं. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजवल्या. पुढची निवड दोन वर्षांनी होती, आणि दोन वर्षांनी आपण कुठे असू याचा भरवसा गाठ निघालेल्या माणसाला कुणी देत नाही. तिची तपासणी अजून दर सहा महिन्यांनी व्हायची.

परतीच्या विमानतळावर काउंटरवर एक तरुण मुलगा होता. मिस्त्रीने पिशवी खाली ठेवली नाही, छातीशी धरून ठेवली. रात्रभर त्याने एक वाक्य जुळवलं होतं. सहा वर्षांत न उच्चारलेला शब्द त्यात होता.

"यात काय आहे?"

"माझ्या मुलीचा पाय आहे," तो म्हणाला. "ती अपंग आहे." शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्याला वाटलं, आता छप्पर कोसळेल. रांगेतले लोक वळून बघतील. हा मुलगा खालच्या आवाजात बोलायला लागेल.

मुलाने मान वर केली नाही. "बरं. आत न्या," तो म्हणाला आणि काहीतरी टाइप करत राहिला. "आणखी काही?"

एवढंच होतं. यापेक्षा जास्त काहीच नव्हतं. मिस्त्री पिशवी घेऊन तसाच उभा राहिला.

"हो," मागून भिंगरी म्हणाली. "मला व्हीलचेअर पाहिजे."

मिस्त्री गर्रकन वळला. "कशाला? तू चालतेस की!"

"नियमात बसतं." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "ते खालचं पान मी काल रात्री वाचलं. तुम्ही उघडलंच नव्हतं ना? सगळं मिळतं, बाबा. खुर्ची मिळते, पुढची जागा मिळते, सगळ्यांच्या आधी आत सोडतात. पाय तर कधीही हातात नेता येतो."

खुर्ची आली. ढकलायला माणूस द्यायचा का, असं मुलाने विचारलं. "नको, बाबा ढकलतील," ती म्हणाली आणि बसली. सहा वर्षं चार मजले रोज चढणारी मुलगी खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाटीवर दोन्ही बूट नीट टेकवून बसली. तिने हात पुढे केले, मिस्त्रीने पिशवी तिला दिली. तिने पातं बाहेर काढून मांडीवर आडवं ठेवलं.

वरच्या मजल्यावर जायचं होतं. समोर रुंद, सोपा जिना होता. सवयीने मिस्त्रीची पावलं तिकडे वळली. मग त्याला खुर्ची दिसली, आणि तो ती ढकलत लिफ्टकडे गेला.

लिफ्टमध्ये एक म्हातारी होती, तिच्याबरोबर चाकांची छोटी बॅग. दार बंद झालं. म्हातारीने खुर्ची पाहिली, मांडीवरचं काळं पातं पाहिलं आणि तिचा चेहरा विरघळला.

"आई गं, बिचारी! काय झालं गं बाळ तुझ्या पायाला?"

मिस्त्रीचं तोंड उघडलं. या शब्दाला काय उत्तर द्यायचं ते त्याला झोपेतही पाठ होतं. पण भिंगरी आधी बोलली.

"मोडला, आजी. इकडे येताना. विमानात."

"विमानात कसा मोडेल?"

"सामानात टाकला होता."

"अगोबाई!" म्हातारीने तोंडावर हात ठेवला. "असली वस्तू सामानात टाकतात का गं? हातात धरून न्यायची ना!"

"आईपण तेच म्हणत होती," भिंगरी म्हणाली.

म्हातारी हळहळत राहिली. वर दोर कुठेतरी घासत होता, एरवी मिस्त्रीने तो आवाज ऐकून कुणालातरी जाऊन सांगितलं असतं. मजला आला, दार उघडलं, म्हातारी बॅग ओढत बाहेर पडली. भिंगरी समोर बघत वाट पाहत होती. खुर्ची मागच्या माणसाने ढकलायची असते, हे मिस्त्रीच्या परत लक्षात यायला जरा वेळ लागला.